नवतपातला हिरवा ठिपका

ताम्रपटावर हिरवी भुकटी दिसली तो नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, तिसरा दिवस होता, आणि माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही तो नेमका याच कारणाने. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. या दिवसांत लाकूड तडकते, हस्तिदंताला भेगा जातात, जुन्या पोथीचे पान पापडासारखे मोडते. तांब्याच्या वस्तू मात्र निवांत असतात आणि त्यांची चिंता आम्ही संग्रहालयातले वस्तुसंवर्धक पावसाळ्यासाठी राखून ठेवतो.

ताम्रपट वाकाटकांच्या काळातला होता. त्या काळच्या पेटिकाशीर्षक लिपीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चौकट कोरलेली असते. आरंभीच्या ‘दृष्टम्’ या शब्दातल्या ‘दृ’च्या चौकटीत फिकट, पिस्त्याच्या रंगाची चिमूटभर भुकटी बसली होती. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा थर म्हणजे पॅटिना. तो धातूचे रक्षण करतो आणि त्याला हात लावायचा नसतो. ही भुकटी मात्र सुईचे टोक लागताच सुटली आणि तिच्याखाली खड्डा निघाला. आमच्या व्यवसायात याला ब्राँझ डिसीज म्हणतात, मग वस्तू निव्वळ तांब्याची का असेना. धातूत मुरलेले क्लोराइड दमट हवेत जागे होते, तांबे खाऊन भुकटी तयार करते आणि पुन्हा मोकळे होऊन पुढचे तांबे खाऊ लागते.

क्लोराइड कुठून आले असावे, याचा अंदाज मला होता. संग्रहात येण्यापूर्वी हा पत्रा एका घरच्या देवघरात होता आणि दर दसऱ्याला लिंबू-मिठाने घासला जात असे, अशी नोंद त्याच्या कार्डावर आहे. भक्तिभावाने चोळलेले ते मीठ अक्षरांच्या खाचांत बसून राहिले. लखलखीत म्हणजे स्वच्छ ही आपल्याकडची समजूत काही केल्या जात नाही. पाहुणे आजही विचारतात, की एवढे काळे-हिरवे का ठेवले, घासून का घेत नाही? पण मीठ जुने होते आणि भुकटी ताजी होती. मधल्या काळात ओलावा आला कुठून?

उत्तर नाकाने दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडारातले कपाट उघडले तेव्हा ताम्रपटाभोवतीच्या टिश्यू कागदाला वाळ्याचा मंद, गार वास येत होता. भिंतीवरचा आर्द्रतामापक ६२ दाखवत होता. हा वर्षानुवर्षे तपासणीला न गेलेला काटा अडकला असेल असे समजून मी आठवडाभर त्याच्याकडे दुर्लक्ष केले होते, कारण आर्द्रतेची आपोआप नोंद ठेवणाऱ्या नव्या डेटालॉगरची मागणी तीन वर्षे एका फायलीतून दुसऱ्या फायलीत फिरत आहे आणि जुन्या यंत्रावर अविश्वास ठेवायची मला सवय झाली आहे.

भांडाराबाहेरच्या पडवीत चौकीदार काकांचा कूलर होता. कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, हे नागपुरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पडवीला दुसरी खिडकी नसल्याने काका दुपारी भांडाराचे दार बोटभर उघडे ठेवत आणि आतला झरोकाही उघडत. मी विचारले, तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. “मीच उघडतो जी मॅडम. वारा कोंडला की कूलर नुसता घाम काढते. इथं ४५ मध्ये बसवत नाही.” त्यांना काय बोलणार? तो कूलर देण्याच्या टिपणीवर मागच्या उन्हाळ्यात माझीच सही होती, आणि सही करताना ही हवा जाणार कुठे हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुढचे आठ दिवस ताम्रपट माझ्या टेबलावर होता. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकट बांबूच्या टोकदार काडीने आणि सुईने मोकळी केली; भुकटीच्या तळाशी मेणासारखा राखाडी थर लागतो, तो निघाल्याशिवाय काम झाले असे म्हणता येत नाही. नंतर इथेनॉलमध्ये ३ टक्के बेंझोट्रायझोल, हे तांब्याची झीज रोखणारे रसायन, घेऊन पत्रा त्यात बुडवला आणि खाचांतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत निर्वात पेटीत ठेवला. धुऊन, सुकवून त्याला चोवीस तास मुद्दाम दमट डब्यात ठेवले, कारण रोग उरला असेल तर तो तिथेच डोके वर काढतो. दोन ठिपके पुन्हा आले. सगळे पुन्हा केले. शेवटचा लेप पॅरालॉइडचा, म्हणजे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारदर्शक राळेचा; तो मी सकाळी सहाला दिला. नागपुरी उन्हाळ्यात दुपारी अ‍ॅसिटोन इतक्या झपाट्याने उडते, की ब्रश उचलेपर्यंत लेपाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात. ‘दृ’ची चौकट वाचली, पण तिची डावी कड आता पूर्वीइतकी धारदार नाही. ते फक्त मला दिसते.

ताम्रपट आता ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात आहे आणि भांडाराच्या दाराला नवे कुलूप आहे. कूलर काढायला मी कोणाला सांगितले नाही. काकांची खुर्ची आणि कूलर मागच्या जाळीच्या व्हरांड्यात हलवले, तिथे वारा मोकळा जातो, पण दुपारी तीननंतर ऊन थेट अंगावर येते.

राहिला तो अहवाल. त्यात ‘हानीचे कारण’ असा एक रकाना असतो. काका कंत्राटावर आहेत. तिथे कूलर आणि उघडे दार लिहिले असते, तर पहिला कागद त्यांच्या नावाने निघाला असता, माझ्या सहीच्या टिपणीपर्यंत कोणी पोहोचले नसते. मी लिहिले, ‘साठवणुकीच्या जागेतील आर्द्रतेत झालेली वाढ’. यात एकही शब्द खोटा नाही. तरीही अहवालाची प्रत अजून माझ्याच खणात आहे, आणि त्या रकान्यात पुढे दोन ओळींची जागा रिकामी आहे.