लिव्हरपूल ते मँचेस्टर: हस्किसन यांच्या वाटेने

लिव्हरपूलच्या भव्य अँग्लिकन कॅथीड्रलला लागूनच दगडाची एक जुनी खाण आहे. दगड संपल्यावर तिची दफनभूमी झाली. खडकातल्या बोगद्यातून, दोन्ही बाजूंना टेकवून ठेवलेले थडग्यांचे दगड पाहत खाली उतरले की खांबांची, घुमटाची एक गोलाकार समाधी समोर येते. ही विल्यम हस्किसन यांची. रेल्वेच्या धडकेत मरण पावलेले पहिले नामवंत गृहस्थ, एवढ्यावरच त्यांची ओळख आटोपली जाते आणि मला तो त्यांच्यावरचा अन्याय वाटतो.

१७७० मध्ये वूस्टरशायरमध्ये जन्मलेल्या हस्किसन यांचे तारुण्य पॅरिसमध्ये, डॉक्टर असलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगाकडे गेले आणि बॅस्टिलचा पाडाव त्यांनी तिथेच पाहिला. १७९६ मध्ये ते संसदेत आले. मात्र खरी कामगिरी १८२३ पासूनची, म्हणजे लिव्हरपूलचे खासदार आणि सरकारच्या व्यापार मंडळाचे (व्यापार खात्याचे) अध्यक्ष झाल्यानंतरची. जे देश ब्रिटिश जहाजांना सवलत देतील त्यांच्या जहाजांना तशीच सवलत देण्याचा कायदा त्यांनी त्याच वर्षी केला. परदेशी रेशमी कापडावरची सरसकट बंदी १८२६ मध्ये उठवून तिच्या जागी ३० टक्के जकात आणली, तेव्हा लंडनच्या विणकरांचे शिव्याशापही सोसले. लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरणारा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत लवकर पोहोचावा, यासाठी रेल्वेची बाजू संसदेत मांडणाऱ्यांतही ते होते.

त्याच मार्गावरून मी लाइम स्ट्रीट स्थानकातून निघालो. न्यूटन-ले-विलोज गेल्यावर उजव्या खिडकीकडे लक्ष ठेवावे लागते. पार्कसाइडचे, हस्किसन यांचे पांढरे स्मारक रुळांना इतके खेटून उभे आहे की क्षणभर दिसते न दिसते तोच मागे पडते.

१५ सप्टेंबर १८३० रोजी, या रेल्वेमार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पंतप्रधान वेलिंग्टन यांची गाडी पाणी घेण्यासाठी इथे थांबली होती. खाली उतरू नये, अशी सूचना असूनही बरीच मंडळी रुळांवर उतरली. हस्किसनही उतरले, आणि त्यामागे राजकारण होते. १८२८ मध्ये एका मतदानानंतर मध्यरात्री घाईने लिहिलेला त्यांचा मंत्रिपदाचा राजीनामा वेलिंग्टननी तत्परतेने मंजूर करून टाकला होता. तो दुरावा आता मिटवायचा होता. हस्तांदोलन झालेही. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ इंजिन येताना दिसले. इतर लोक बाजूला झाले. आधीच प्रकृती नाजूक असलेले हस्किसन गोंधळले आणि त्यांनी वेलिंग्टन यांच्या डब्याचे दार धरले. ते दार बाहेरच्या बाजूला उघडून थेट इंजिनाच्या वाटेत गेले, हस्किसन खाली पडले आणि त्यांचा पाय चिरडला. त्यांच्या पत्नीही त्याच समारंभाला आलेल्या होत्या. रेल्वेचे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांनी स्वतः इंजिन हाकत हस्किसन यांना मँचेस्टरजवळच्या एक्लसला नेले. तिथल्या पाद्रीसाहेबांच्या घरी त्याच रात्री त्यांचे निधन झाले.

आजची गाडी एक्लसवरून मँचेस्टरला जाते. त्या दिवशी तिथे संतप्त जमाव जमला होता, आणि वेलिंग्टन डब्यातून खाली उतरलेच नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्यांचे सरकार पडले, आणि पामर्स्टन, मेलबर्न हे हस्किसन यांचे जुने सहकारी नवे पंतप्रधान ग्रे यांच्या मंत्रिमंडळात गेले.