एका संध्याकाळचे दागिने

डिसेंबर संपत आला की आमच्या बडोद्यात गेंडीगेटला पतंगांचे ढीग लागतात, रस्त्याच्या कडेला खांबांना पांढरी दोरी ताणून तिच्यावर गुलाबी रंग नि काचेचा मांजा चढवायचं काम सुरू होतं, आणि आमच्याकडे माळ्यावरची कल्हई केलेली परात खाली येते. तोपर्यंत मी हलव्याचं नाव काढत नाही. थंडी कोरडी पडली पाहिजे, सकाळी पाण्यात हात घालवत नाही इतकी, तरच हलव्याच्या दाण्यावर साखरेचा काटा धरतो. घरातले सगळे पतंगाची तयारी करतात आणि मी हलव्याची, दोन्हीची तारीख एकच, 14 जानेवारी.

हलव्याचे दागिने म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी, त्यावर पांढरेशुभ्र दागिने, जावयाला हार, आणि घरात बाळ असलं तर त्याचं बोरनहाण. हल्ली सगळा सेट ऑनलाइन मिळतो, चार दिवसांत घरी येतो, दिसायलाही छान असतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर मागवावा, सण झाला पाहिजे. पण ज्याला थोडाफार वेळ आहे आणि ज्याच्या घरात हक्काचं कुणीतरी नटणार आहे त्याने एकदा तरी हे हाताने करून बघावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालेली नाही, आणि मी विणकाम, भरतकाम, क्रोशा सगळं करते.

आधी हलवा. वाटीभर साखर, अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे साखरेतली मळी वर येते, ती काढून टाकायची नि पाक गाळून घ्यायचा. एकतारीच्या जरा अलीकडेच थांबायचं. परातीत तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा, गॅस अगदी मंद, आणि त्यावर पाक घालायचा तो छोट्या चमच्याने, एका वेळी एकच चमचा, आणि लगेच बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं, ते कोरडे होऊन एकमेकांपासून सुटे होईपर्यंत. मग पुढचा चमचा. पहिला बराच वेळ काहीच होत नाही, दाणे नुसते पांढुरके होतात आणि बघणाऱ्याला वाटतं ही बाई उगाच परातीत हात फिरवत बसलीये. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच. आणि मग कधीतरी बोटांना कळतं. डोळ्यांना नाही हं, आधी बोटांना. गुळगुळीत दाणा अचानक खरखरीत लागायला लागतो, उजेडात धरला की अंगावर बारीक बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात. त्या क्षणी मला दरवर्षी तितकाच आनंद होतो, मी घरातल्या सगळ्यांना बोलावून तळहातावर दाणे ठेवून दाखवते. आच जरा जास्त झाली की हा काटा विरघळतो, पाक घट्ट झाला की परातीत नुसती साखरेची भुकटी पडते, म्हणून घाई चालतच नाही. पूर्वी आजी हे शेगडीच्या निखाऱ्यावर करायची, राख सारून आच कमी-जास्त करायची. गॅसवर ते सोपं झालंय, पण बोटं मात्र तीच लागतात, चमच्याने ढवळून काटा येत नाही.

आता दागिन्यांचं. तीन तऱ्हेचा हलवा कशाला तर मापासाठी. साबुदाण्याचा मोठा, तो हार, बाजूबंद, कमरपट्ट्याला. तिळाचा मधला, तो चिंचपेटी आणि बांगड्यांना. खसखशीचा अगदी बारीक, तो नथ, कुड्या नि मंगळसूत्राच्या वाट्यांना. दाण्याला भोक पाडता येत नाही, सुई लावली की तो फुटतो. म्हणून दोन पदरी पांढरा दोरा घ्यायचा, दोन पदरांच्या मधे दाणा धरायचा आणि लगेच गाठ मारायची, मग पुढचा दाणा, पुढची गाठ. काट्यांमुळेच दोरा दाण्यावरून घसरत नाही, म्हणजे एवढा वेळ घालवून आणलेला काटा नुसता शोभेचा नसतो, तो कामाला येतो! ही गोष्ट मला आजीने सांगितली तेव्हा मी शाळेत होते आणि मला तो चमत्कारच वाटला होता, अजूनही वाटतो. गाठ ओढताना जोर किती लावायचा हे कुणाला शिकवता येत नाही, पहिल्या काही माळांत दाणे फुटतात, फुटलेले तोंडात टाकायचे आणि पुढे जायचं.

मी फेविकॉल वापरत नाही. पुठ्ठ्यावर ग्लू गनने दाणे चिकटवले की काम पटकन होतं आणि फोटोत एकदम सुबक दिसतं हे मान्य आहे. पण मग तो हलवा राहत नाही, खाता येत नाही, संध्याकाळ झाली की पुठ्ठ्यासकट कचऱ्यात. माझी चिंचपेटी मलमलच्या दुहेरी पट्टीवर असते, हलव्याच्या माळा त्यावर ओळीने टाक्यांनी बसवलेल्या. जरीचा दोरा आणि काळे मणी मंगळबाजारातून आणते. वेळ जास्त लागतो, लागू दे. देवाणघेवाणीच्या वस्तूत काय लपवायचं? साखर असेल तर ती शेवटपर्यंत साखरच असावी.

गेल्या वर्षी पुतण्याचं लग्न झालं. सून भरूचची, गुजराती, हलव्याचे दागिने हा प्रकार तिने फक्त कुणाच्यातरी व्हॉट्सअप स्टेटसला बघितला होता. तिला आधी सांगायचं नाही असं जाऊबाईंचं नि माझं ठरलं होतं, पण माप तर हवं! मग एकदा तिच्या हातात मेंदी भरताना जाऊबाईंनी गप्पांच्या नादात मनगटाला दोरा लावून घेतला, गळ्याचं माप तिच्या ब्लाउजवरून काढलं, दंडाचं राहिलं तेवढं अंदाजाने धरलं. ते तीन दोरे मी डबीत ठेवले होते, एकेकाला चिठ्ठी बांधून. बाजारातली भेट साइझमध्ये येते, हाताने केलेली मापात येते, आणि मापात करायची म्हणजे ते माणूस सतत डोळ्यांसमोर ठेवायला लागतं. तिचं मनगट इतकं बारीक की पहिली बांगडी बघून मला वाटलं लहान मुलीचीच झाली की काय. ती बोलताना हात फार हलवते, मग बांगड्या सैल नकोत. नाक टोचलेलं नाही, मग नथ चापाची. लग्न झालं तेव्हा आमची जेमतेम तोंडओळख होती. पण महिनाभर रोज संध्याकाळी तिच्यासाठी गाठी मारत बसल्यावर ती मला जवळची वाटायला लागली, तिच्याशी मी काही बोललेही नव्हते तरी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बडोद्यात संक्रांतीच्या दिवशी हळदीकुंकू करून उपयोग नाही. 14 ला उत्तरायण, 15 ला वासी उत्तरायण, दोन्ही दिवस अख्खं गाव टेरेसवर, खाली दार वाजवलं तरी कुणी उघडत नाही, वरून ‘काप्यो छे’चा आरडाओरडा, पिपाण्या, स्पीकर, उंधियू आणि जलेबी. आम्हीही तिथेच असतो, आमची मराठी मंडळी काही कमी पतंगबाज नाहीत. म्हणून आमच्याकडची हळदीकुंकवं पुढच्या रविवारपासून सुरू होतात आणि रथसप्तमीपर्यंत चालतात. मला त्याचा फायदाच होतो, नथीला दोन दिवस जास्त मिळतात.

तर त्या रविवारी दिवेलागणीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवली आणि डबा उघडला. संध्याकाळीच का, तर दुपारी आमच्याकडे जानेवारीतही ऊन चांगलं लागतं, घाम आला की साखर गळ्याला चिकटते. आधी तन्मणी, मग चिंचपेटी, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, बिंदी, सगळ्यात शेवटी नथ. ती आरशात बघत होती, बोलत काहीच नव्हती, आणि मग एकदम बांगडीला जीभ लावून म्हणाली, ‘काकी, आ खरेखर खांड छे?’, म्हणजे ही खरंच साखर आहे? सगळ्या बायका हसल्या. काळ्या साडीवर ते पांढरे काटे दिव्याच्या उजेडात असे काही चमकत होते की तिच्या आईने, त्या मुद्दाम भरूचहून आल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून नुसता स्पर्श करून बघितला आणि डोळे पुसले. मला त्या दिवशी जे मिळालं ते सांगता येत नाही. मी दिलं म्हणायचं की मला मिळालं म्हणायचं तेच कळेना.

वरच्या मजल्यावरच्या बेन नेहमी विचारतात, ‘आटली महेनत, ने एक सांज माटे?’ हो, एका संध्याकाळसाठी. दुसऱ्या दिवशी दोरे कापून सगळा हलवा वाटून टाकला, तिळगुळाबरोबर. थोडा तिने माहेरी नेला. ठेवायचा म्हटलं तरी ठेवता येत नाही, तयार दागिन्यांचा डबासुद्धा मी पाणी घातलेल्या परातीत ठेवते, नाहीतर मुंग्या. आणि पावसाळा आला की संपलंच. मला हेच आवडतं. घेणाऱ्यावर ते जपायचं ओझं नाही, शोकेसमध्ये जागा करायची नाही, कधी कुणी घरी आल्यावर बाहेर काढून दाखवायचं नाही. घातलं, मिरवलं, खाल्लं. शोभेच्या वस्तू भेट देण्यापेक्षा मला संपणाऱ्या वस्तू द्यायला आवडतात.

गाठी मारत बसले की मला आमच्या बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याची आठवण येते. खंडेराव महाराज गायकवाडांनी 1865 च्या सुमाराला तो करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर भेट म्हणून पाठवायला. हिंदू राजाने मदिनेसाठी केलेली भेट! बसऱ्याचे बारीक मोती, अंदाजे 15 लाख किंवा त्याहून जास्त, रेशमावर एकेक करून शिवलेले, आणि मधे हिरे, माणकं, पाचू. पण 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा कधी पाठवलाच गेला नाही. कितीतरी वर्षं तो गायकवाडांकडेच राहिला, मग देशाबाहेर गेला, 2009 मध्ये दोह्याला लिलावात साधारण 55 लाख डॉलरला विकला गेला, आणि आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी फक्त फोटो बघितलेत. लोक किमतीबद्दल बोलतात, मला मात्र ते मोती शिवणारे कारागीर डोळ्यांपुढे येतात, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. हे कुठे जाणार आहे, कुणासाठी आहे हे त्यांना माहीत असणार ना? सुई घालताना मदिनेचा विचार मनात येत असणार. एवढं सगळं केलं आणि ते द्यायचंच राहून गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं, दरवेळी वाटतं. गालिचा सुरक्षित आहे, दिमाखात आहे, पण ज्याच्यासाठी केला त्याच्याकडे पोचला नाही.

आपल्याकडे देण्यासाठी करायच्या गोष्टी किती आहेत खरं तर. बाळंतविडा घ्या. जुन्या सुती साडीची दुपटी, टोपडं, कुंची, आणि झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचत नाही. रुखवत घ्या, मुलीच्या मावश्या-आत्या महिना महिना बसून करायच्या. आता रुखवत भाड्याने मिळतं, मांडतात आणि परत नेतात. मला ते नाही पटत. दोनच वस्तू ठेवा पण घरच्या हातच्या ठेवा, मावशीने केलेला एक वातींचा हार पुरे.

बेनना मी उत्तर काही दिलं नाही, त्यांच्या नातवाला मुकुट आणि बासरी करून दिली. त्यांच्यात बोरनहाण नसतं, पण आमच्याकडे दोन मुलांचं होतं त्यात त्यालाही बसवला. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून पडले तसा तो आधी घाबरला आणि मग सगळ्यांत जास्त गोळा करून बसला. बासरी बांबूच्या काडीवर तिळाच्या हलव्याच्या माळा गुंडाळून केलेली. फोटो काढेपर्यंत एका बाजूने काडी दिसायला लागली होती, कृष्णाने बासरी खाल्ली! बेन हसून हसून दमल्या. या वर्षी त्या शिकायला येणार आहेत, त्यांच्या भाचीच्या बाळासाठी मुकुट स्वतः करायचाय म्हणाल्या.

तुम्हीही पहिल्यांदाच करणार असाल तर खसखशीच्या वाटेला जाऊ नका, साबुदाण्यापासून सुरुवात करा, काटा लवकर दिसतो आणि हुरूप येतो. पाक गार झाला की परत किंचित कोमट करून घ्या. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नका, बोटं भाजतात. वेळ कमी असेल तर हलवा विकतचा आणा, चालेल, दागिने मात्र स्वतः गुंफा आणि ज्याच्यासाठी करताय त्याचं माप आधी घ्या. पहिल्या वर्षी हार आणि बांगड्या पुरेत. नथ पुढच्या वर्षी.