राजपार्टाची कवळी

दिवाळीच्या तोंडावर कुडाळच्या माझ्या दवाखान्यात दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, राजपार्ट (राजाची भूमिका) करणारे एक कलाकार आले. साठी उलटलेली, तोंडात एकही दात नाही. रुमालात गुंडाळलेली जुनी कवळी टेबलावर ठेवत म्हणाले, "डॉक्टरानू, जेवूक बरी आसा. पण राजान आवाज चढवल्यान की वरची खाली पडता."

गेल्या हंगामात भर जत्रेत, राक्षसाला ललकारतानाच ती सुटली. यांनी पाठ फिरवून पेटीवाल्याला खूण केली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, म्हणून निभावलं.

दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजत राहतं आणि कवळी सैल होत जाते. वरची कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि चहूबाजूंनी बंद बसणाऱ्या कडेवर. टाळूच्या मागच्या मऊ भागाशी ही कड किंचित दाबून बसायला हवी. नाहीतर आ वासला की हवा शिरलीच. खालच्या कवळीला तर टाळूचाही आधार नाही, वर जिभेची ढकलाढकल.

नवी मापं घेतली, मेणात दात लावले. उच्चार तपासायला आम्ही आकडे म्हणायला लावतो: साठ, एकसष्ट, बासष्ट. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ यावेत, पण टेकू नयेत. यांनी बँकेत टोकन पुकारावं तसे आकडे म्हटले. सगळं ठीक वाटलं.

म्हटलं, आता राजाचं बोला.

खुर्चीतून उठले, गळ्यात कागदी एप्रन तसाच. "सावध हो, राक्षसा!" आणि खट्ट! 'स'वरच दात आपटले. बाहेरच्या बाकावरची म्हातारी दार ढकलून डोकावली, "काय झाला गे?"

दातांची उंची जास्त होत होती. जबडा सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट राहायला हवी. परत मोजलं, खालचे दात मेणात नव्याने बसवले आणि राक्षसाला पुन्हा ललकारायला लावलं. खट्ट गेलं.

दातांच्या रंगावरून मात्र वाद झाला. माझ्या मते या वयाला जरा पिवळट छटाच शोभते. ते म्हणाले, "रंगमंचावर राजा दिसाक व्हयो, म्हातारो न्हय!" एका छटेपुरतं मी नमतं घेतलं.

पहिल्या जत्रेनंतर हिरडीला जखम घेऊन आले. टोचणारी कड घासून दिली. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा म्हटलं, तर हसायलाच लागले. त्यांचं नाटक रात्रभराचं. मग ठरलं, दिवसा झोपताना काढायची.