हे मांजर आमचं नव्हे

दुपारी करंट गेला, पंखा थांबला, आणि परड्यातला आवाज ऐकू यायला लागला. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते तो आवाज वेगळा, घार दिसल्यावर काढते तो वेगळा. हा तिसराच, घशातल्या घशात दाबून काढलेला. मागचं दार उघडलं. पुष्याची झड जरा कुठं थांबली होती. जळणाच्या ढिगाखालून एक तीनरंगी तोंड बाहेर आलेलं, आणि त्याच्यासमोर आमची पिल्लंवाली तांबडी अंगावरची सगळी पिसं फुलवून, एक पंख जमिनीला टेकवून तिरकी तिरकी पुढं सरकत होती. मांजराचं पिल्लू तिच्या निम्म्यानंही भरलं नसतं. त्यानं कान मागं पाडले, फिस्स केलं, शेपटीवरचे केस ताठ केले आणि टोच बसायच्या आत ढिगाखाली गडप झालं. तांबडी थोडा वेळ तिथंच खडी राहिली, मग पिल्लांना घेऊन फणसाखाली माती उकरायला गेली.

मी म्हटलं, हे मांजर आमचं नव्हे. कुणाचं तरी असेल, जाईल.

बेळगावातल्या अनगोळसारख्या जुन्या वस्तीत, जिथं अजून घरामागं परडं शिल्लक आहे, तिथं मांजराच्या बाबतीत प्रत्येकाकडं उपाय तयार असतो. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "पोत्यात घाला आनी मासळी बाजारात सोडून या की भावजी. खाऊन पिऊन सुकात ऱ्हाईल." दूधवाल्यानं मिरच्यांची धुरी सुचवली. पलीकडच्या अज्जी कन्नड. त्या सुचवत बसत नाहीत. करवंटीत दूध ठेवतात आणि भिंतीवरून "बा, बा" म्हणून हाक मारतात. त्या दुधानं पिल्लाला हगवण लागली आणि ती सगळी आमच्या जळणावर. गाईचं दूध मांजराच्या पिल्लांना पचत नाही, हे अज्जींना सांगायचं कुणी? जन्मभर त्यांनी मांजरांना दूधच घातलंय.

पोत्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. माझं आजोळ जांबोटीच्या बाजूला. तिथं एकदा एक बोका अंडी फोडतो म्हणून आजोबांनी त्याला पोत्यात बांधून, सायकलच्या कॅरिअरला लावून मलप्रभेपलीकडं नेऊन सोडलं. बोका परत आला नाही. पण पंधरा दिवस गेले नसतील, त्याच्या जागी दुसरा आला, तो पहिल्यापेक्षा धटिंगण. जिथं उंदीर आहेत आणि निजायला कोरडी जागा आहे, तिथली मांजराची जागा रिकामी राहत नाही. आजोबांनी दुसऱ्यांदा सायकल काढली नाही.

आजीची रीत निराळी होती. ती कोंबडी बसवायची ते बघायला आम्ही पोरं माजघरात दाटी करून बसायचो. टोपलीत भाताचं पिंजर, त्यावर अंडी, तीही विषम. वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून पिंजरात एक लोखंडी खिळा. मग खुडूक कोंबडी आणून ठेवली की ती पोटाखालची अंडी चोचीनं आत ओढून घ्यायची, आणि तीन आठवडे तिच्या जवळ जायची कुणाची टाप नसायची. एकविसाव्या दिवसाच्या आदल्या रात्री आजी एकेक अंडं आमच्या कानाला लावायची. आतून अगदी बारीक टकटक ऐकू यायची, मधूनच एखादं चिवचिव. कवचाच्या आतला तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून आमच्यात नंबर लागायचे, मारामाऱ्या व्हायच्या, आणि ज्याच्या वाट्याला गार अंडं यायचं त्याचं तोंड दिवसभर उतरलेलं.

पिल्लं बाहेर पडून अंगणात आली, की आजी घरातल्या मांजराच्या पिल्लाला मानेच्या कातडीला धरून आणायची आणि डालग्याबाहेर फिरणाऱ्या कोंबडीपुढं ठेवायची. बस्स. पुढचं कोंबडी बघून घ्यायची. एक झेप, डोक्यात दोन टोची, पंखांचा फटकारा. ते मांजर मोठं झालं तरी अंगणात कोंबडी दिसली की भिंतीच्या कडेनं वळसा घालून जायचं. आजी म्हणायची, "मांजराला मानसानं शिकवायचं नसतंय." आता आठवलं की वाटतं, पोरांच्या बाबतीतही तिचं धोरण काहीसं तेच होतं, पण ते असो.

आमच्या परड्यात ती शिकवणी तांबडीनं आपली आपणच उरकून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते पिल्लू कोंबड्या खुराड्यात गेल्याशिवाय ढिगाबाहेर येईना. मोठ्या कोंबडीला त्या एवढ्याशा जिवापासून भय नाहीच. भय आहे ते मुंगसाचं. गेल्या पावसाळ्यात मुंगसानं आमची एक गिरिराज, चांगली तीन किलोची, मान फोडून तिथंच टाकली होती. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठातून निघालेली ती जात, अंगानं दांडगी, पण संकट आल्यावर पळावं हे तिला सुचतच नाही. गावठी तांबडी अशा वेळी कौलावर असते. घारीचं भय आहे ते पिल्लांना, रात्री उदमांजर. शत्रूंच्या या यादीत माझं मांजर खूपच खाली येतं.

'माझं' असं चुकून लिहिलं गेलं. आमचं नव्हे.

पण खातं काय ते? बघत बसलो. संध्याकाळी कोंबड्यांच्या उरलेल्या कण्यांवर उंदीर येतात. उंदरांवर हे. म्हणजे आमच्याच कण्या, फक्त उंदरामार्फत. आमच्याच रेशनवर आहे ते, कार्डात नाव नाही एवढंच. आणि नाव तर ठेवायचंच नाही, हा माझा घरातला कडक नियम. नाव ठेवलेली कोंबडी रविवारी कापता येत नाही. तांबडी, काळी, बोडकी ही नावं नव्हेत, ते वर्णन आहे. मुलगी हल्ली ढिगाजवळ जाऊन काहीतरी दोन अक्षरी हाक मारते. मला ते ऐकू येत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी डोळ्यांचा रंग विचारला. हिरवट पिवळा, म्हटलं. मग दोन महिने उलटले, म्हणाले. त्याआधी निळे असतात. दोन ते सात आठवड्यांच्या आत माणसाचा हात लागला तर मांजर माणसाळतं, नाहीतर असंच बुजरं राहतं. धरून आणा, लस देऊ.

धरून आणा! २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शहरातल्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला होता. आसपासच्या शाळा बंद, पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, शेवटी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले. बिबट्या काही हाताला लागला नाही. त्याच जातकुळीतलं हे, फक्त ओंजळीत मावणारं, म्हणून मी एकट्यानं धरायचं. टॉवेल टाकून बघितला. टॉवेल मिळाला.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, रंग किती? तीन म्हटल्यावर म्हणाले, मग मादीच समजा, तीनरंगी नर क्वचितच. पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते, पुढं दोन महिन्यांत पिल्लं. मी फोन ठेवला आणि कालनिर्णय काढलं. पितृपक्षाच्या सुमारास गाभण, मार्गशीर्षात पिल्लं. त्यातल्या माद्या पुढच्या पावसाळ्याआधी. तोपर्यंत तांबडीही पुन्हा खुडूक बसलेली असेल.

आणि मग आजोळचं मांजर आठवलं. ते वर्षातून दोनदा तरी व्यायचं. दर वेळी तीन-चार पिल्लं, कणगीमागं, नाहीतर माळ्यावर. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा मात्र घरात मांजर एकच असायचं, फार तर शिकवणीसाठी ठेवलेलं एक पिल्लू. बाकीची सगळी कुठं जात होती? आम्ही इतके चौकस, अंड्याला कान लावणारे; हे कधी विचारलं नाही. आजीनंही आपणहून सांगितलं नाही. आजोबांचं ते पोतं मात्र वर्षभर खुंटीला असायचं.

दवाखान्यातला पिंजरा सध्या दुसऱ्या कुणीतरी नेलाय. सोमवारी मिळेल म्हणाले. ऑपरेशनला किती घेणार ते विचारायचं राहिलंच. सुकट आणून ठेवलीय, घरात कुणाला तो वास सहन होत नाहीय.