मारियाची टिंबं

१६ सप्टेंबर २०१७, शनिवार. काग्वास, पोर्तो रिको

समुद्रात नवं वादळ उठलंय. सकाळी अकराच्या हवामान बुलेटिनमध्ये ते नुसतं पंधरा नंबर होतं. संध्याकाळी पाचला त्याचं बारसं झालं, मारिया. अजून भर अटलांटिकमध्ये आहे, बार्बाडोसच्याही पलीकडे, पूर्वेला.

फ्रिजच्या दारावर आधीच्या वादळाचा, इर्माचा नकाशा अजून तसाच लावलेला आहे. वादळांच्या मोसमात सुपरमार्केटात फुकट मिळतो तो, अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखलेला. बुलेटिन आलं की केंद्राचे आकडे बघायचे आणि टिंब द्यायचं. इर्माची टिंबं मी निळ्या पेनने दिली होती. सहा तारखेला ती सेंट मार्टिन चिरडून आमच्या उत्तरेकडून समुद्रातूनच पुढे गेली. तेवढ्यानेही बेटावर दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्या गल्लीत वीज परत येऊन जेमतेम चार दिवस झालेत.

आज त्याच नकाशावर पेन्सिलीने पहिलं टिंब दिलं. पेन हातात घ्यावंसं वाटलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

पाच, अकरा, पाच, अकरा. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची बुलेटिनं या वेळांना येतात आणि आमचा दिवस त्यांच्याभोवती फिरायला लागला आहे. संध्याकाळी पाचला ती साध्या वादळाची हरिकेन झाली.

दुपारी पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगेत दीड तास गेला. बऱ्याच घरांच्या खिडक्यांवर इर्माच्या वेळचे प्लायवूड अजून ठोकलेलेच आहेत, काढायला कुणाला उसंत मिळाली नाही. आमचे आम्ही काढले होते. ह्याने मुकाट्याने पुन्हा ड्रिल बाहेर काढलं.

शेजारच्या आजी ८६ वर्षांच्या. मला 'मीहा' म्हणतात, म्हणजे पोरी. त्यांच्या तोंडी वादळांची नावं संतांची असतात, कारण पूर्वी ज्या संताच्या दिवशी वादळ येई त्याचंच नाव त्याला देत. १९२८ च्या १३ सप्टेंबरला आलं ते सान फेलिपे. तेही दुसरं, कारण १८७६ मध्ये नेमक्या त्याच तारखेला पहिलं येऊन गेलेलं. १९३२ च्या सान सिप्रियानच्या वेळी आजी तान्ह्या होत्या. आईने त्यांना दुपट्यात घट्ट बांधून जड पलंगाखाली सरकवलं होतं म्हणे. हे सांगताना त्या स्वतःच्या छातीवर हात आवळून धरतात, अजूनही कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज दिवसभरात जे झालं ते क्रमानेच लिहिते, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

पहाटे पाचला कॅटेगरी १ (सगळ्यात वरची ५). अकराला कॅटेगरी ३. संध्याकाळी पाचला कॅटेगरी ४. आठ वाजायच्या आत कॅटेगरी ५, वारा ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर. हवाई दलाचं विमान वादळाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, शिरून मोजमाप घेत होतं, म्हणून तर हे लगेच कळलं. चोवीस तासांत ताशी ३५ मैलांनी वारा वाढला तरी त्याला झपाट्याने वाढ म्हणतात. इथे एका दिवसात त्याच्या दुपटीचा आकडा झाला.

खाली समुद्र तापलेला आणि वरच्या थरांतला वारा मंद, त्यामुळे ढगांचा मनोरा मोडायला, तिरका करायला काहीच आडवं आलं नाही. शिवाय डोळा अगदी बारीक. टाचणीने कागदाला भोक पाडावं तसा तो उपग्रहाच्या चित्रात दिसत होता. गिरकी घेताना हात अंगाशी ओढले की वेग वाढतो, तसंच हे. डोळा जितका आवळलेला, तितका वारा भन्नाट. एरवी कोरडी भाषा वापरणाऱ्या त्या मायामीच्या माणसांनीही आज आपल्या टिपणात या डोळ्याला 'भयावह' म्हटलं. तो शब्द वाचल्यावर मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले.

रात्री सव्वानऊला ती डॉमिनिकावर आदळली. त्या बेटावर कॅटेगरी ५ आदळल्याची ही पहिलीच नोंद. जेमतेम सत्तर हजार वस्तीचं, डोंगरांचं बेट. त्यांचे पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट भर वादळात फेसबुकवर लिहीत होते: घराचं छप्पर गेलं, पाणी आत येतंय. मग त्यांची सुटका झाल्याचं कळलं. त्यानंतर बेटाकडून काहीच नाही.

१५.३ उत्तर, ६१.४ पश्चिम. हे टिंब देताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

एक गोष्ट कुणाला बोलून दाखवलेली नाही, ती इथे लिहिते.

कालपासून मी मनात एकच धरून बसले आहे, वळ, जरा वळ. इर्मा थोडी उत्तरेला सरकली तशी हीही सरकू दे. सकाळी पट्टी घेऊन टिंबं जोडली. रेघ वाकत नव्हती. आग्नेयेकडून वायव्येकडे, सरळ आमच्याकडे. मग पट्टी जराशी फिरवून बघितली, कुठे गेली तर चालेल? उत्तरेला सरकवली तर रेघ व्हर्जिन बेटांवर गेली. सेंट जॉन आणि सेंट थॉमसची घरं इर्माने आधीच उघडी केली आहेत. गेल्याच आठवड्यात तिथली माणसं बोटींनी आमच्याकडे आली, इथलेच लोक बोटी घेऊन गेले होते त्यांना आणायला. दक्षिणेला, पश्चिमेला सरकवली तर डॉमिनिकन रिपब्लिक. कशीही फिरवा, पट्टीखाली कुणीतरी येतंच. डॉमिनिकावर ती आदळली तेव्हा डोंगरांनी तिचा जोर थोडा कमी केल्याचं वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं अजून घशात अडकलंय.

आईचा फोन आला. कुठपर्यंत आलंय वगैरे काही विचारलं नाही. "घर स्लॅबचं आहे ना गं?" एवढंच. म्हटलं, हो आई, स्लॅबचं आहे. आजींच्या घरावर पत्रा आहे, म्हणून त्या आज रात्री आमच्याकडे आहेत. येताना एक पिशवी, औषधांचा डबा आणि बॅटरीवरचा रेडिओ एवढंच घेऊन आल्या.

शंकूच्या आकाराचा तो अंदाज सगळे बघतात, पण तो वादळाचा आकार नव्हे. केंद्र कुठल्या पट्ट्यात असेल एवढंच तो दाखवतो, तेही गेल्या काही वर्षांच्या चुकांवरून काढलेलं. वारा आणि पाऊस त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत जातात. आज हे चार जणांना समजावून सांगितलं. आता तर शंकूही नुसता नावाला उरलाय, इतका तो आमच्यापाशी निमुळता झालाय.

रात्री अकराचं बुलेटिन: ताशी १७५ मैल. दाब ९०८ मिलिबार. बाहेर अजून पानं सळसळतायत, कोकी बेडूक ओरडतायत.

२० सप्टेंबर, बुधवार (हे रात्री मेणबत्तीवर लिहिते आहे)

वीज मध्यरात्रीनंतर गेली. मोबाइलचं नेट मात्र चालू होतं, म्हणून न्हाणीघरात बसून फोनवर रडार बघत होते. रडार इथून जवळच, कायेच्या डोंगरावर. चित्रात आधी डोळ्याभोवती ढगांचं एकच बारीक कडं होतं. मग त्याच्याबाहेर दुसरं, मोठं कडं तयार झालं आणि आतलं हळूहळू विरत गेलं. असं झालं की सर्वांत जोराचा वारा थोडा उतरतो, पण डोळा पसरतो आणि जोरदार वाऱ्याचा घेर वाढतो. ह्याला म्हटलं, पाचवरून चारवर येतेय. तो म्हणाला, "मग चांगलं ना?" मी काही बोलले नाही. मोठं कडं म्हणजे जास्त घरं.

पाचच्या बुलेटिनचं टिंब टॉर्च दातात धरून दिलं. पावणेसहा-सहाच्या सुमाराला चित्र थांबलं. तेच कडं, तोच लाल रंग, पुढची फ्रेम येईचना. वाटलं, आपलं नेट गेलं. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. मग आवाज वाढला आणि चित्र बघायची गरजच उरली नाही.

सव्वासहाला ती याबुकोआला जमिनीवर आली, ताशी १५५ मैलांनी. हे रेडिओवरून नंतर कळलं. आम्हाला फक्त दार कळत होतं. लोखंडी दार चौकटीत आत-बाहेर होत होतं, श्वास घेतल्यासारखं, आणि फटीतून पाणी फवाऱ्यासारखं आत येत होतं. तो आणि मी दाराला पाठ लावून बसलो. आजी न्हाणीघरात जपमाळ घेऊन. कानांत दडे बसत होते. कितीतरी तास. किती ते मोजलं नाही, दिवसभरात पहिल्यांदाच कशाचेही आकडे घेतले नाहीत.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

फोन लागत नाही, कुणाचाच लागत नाही. आईला कसं कळवायचं तेच कळत नाही. दर दोन तासांनी रस्त्याच्या टोकाला जाऊन सिग्नल शोधते.

समोरचे डोंगर तपकिरी झालेत. वणवा लागून गेल्यासारखे. परवापर्यंत गच्च हिरवे होते, आता एकाही झाडावर पान नाही, आणि कधीही दिसली नव्हती ती घरं दिसायला लागलीत. आजींचा पत्रा तिसऱ्या गल्लीत सापडला, विजेच्या खांबाभोवती गुंडाळलेला.

रेडिओवरूनच कळलं की त्या पहाटे आमचं नेट गेलंच नव्हतं. डोंगरावरचं रडारच वादळाने नेलं. मी ज्या थांबलेल्या चित्राकडे बघत होते ते त्याचं शेवटचं चित्र.

नकाशा भिजलाय, पण फाटलेला नाही. आज उन्हात वाळवला. पाचच्या टिंबानंतर कोरी जागा. वादळ बेट तिरकं कापून वायव्येकडून, आरेसिबोच्या बाजूने समुद्रात उतरलं असं सांगतात. तेवढ्यावर टिंबं देता येत नाहीत, म्हणून नुसती पुसट रेघ ओढली.

दुपारी रेडिओवर आजचं ठिकाण सांगितलं: टर्क्स आणि कायकोस बेटांच्या जवळ. आजी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. मी टिंब दिलं. त्यांनी चष्मा चढवला, नकाशा जवळ ओढला.

"मीहा, इथे माणसं राहतात?"

"हो आजी. इर्माने त्यांचीही छपरं नेली होती."

त्यांनी पेन्सिलीचं ते टिंब बोटाने झाकलं आणि बोट बराच वेळ तसंच ठेवलं.