आमची वाटचाल : ब्लोअरच्या मोटरीमागचा हिरवा फ्यूज

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. याच रहदारीच्या भरवशावर आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान टाकले. पत्र्याची शेड, एक लाकडी टेबल, आर्मेचर (मोटरीचा फिरता भाग) तपासायचा ग्राउलर आणि टेस्ट लॅम्प एवढेच तेव्हाचे भांडवल होते. डायनॅमो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), कटआऊट आणि ट्रकची वायरिंग ही मुख्य कामे असत. कारचा हीटर हा विषय आमच्याकडे वर्षातून दोन-चार वेळाच येई, आणि तोही थंडीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरला की.

आज आमच्या दुकानाची ओळख जुन्या गाड्यांच्या ब्लोअरची कामे करणारे दुकान अशी आहे. खानदेशात हीटर कोण लावतो, असे बाहेरगावचे लोक हसून विचारतात. पण गाडीत एसी असो किंवा हीटर, हवा फेकणारी मोटर एकच असते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या बाजूला ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेवटच्या स्पीडवर फिरत असते. शिवाय आमच्याकडचे जुने ड्रायव्हर कन्नड घाट चढताना इंजिन तापू लागले की ऐन उन्हाळ्यात काचा खाली करून हीटर चालू करतात. हीटरमध्ये विजेचे कॉइल नसते. इंजिनचेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या लहान रेडिएटरमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये उतरते आणि घाट निभावतो. अशा वेळी ब्लोअर बंद पडला, तर प्रश्न प्रवाशांच्या सोयीपुरता उरत नाही.

आमच्या धंद्याला हे वळण लागले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती.

शिंदखेडा तालुक्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणत, गणपतीच्या दिवसांत आपली जुनी चारचाकी घेऊन आले. ब्लोअर अडखळत फिरत होता आणि फ्यूज वारंवार जात होता. मी जुनी मोटर काढून नवी बसवली व गाडी सोडली. दोन दिवसांनी फ्यूज पुन्हा गेला, तेव्हा मी पिवळा वीस अँपिअरचा फ्यूज काढून त्या जागी हिरवा तीसचा लावला. त्या काळी हे आम्ही सर्रास करीत असू. काही ठिकाणी तर फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळलेली मी पाहिली आहे, त्यामुळे हिरवा फ्यूज लावणे मला पाप वाटले नाही.

दसऱ्याच्या आधी आबा परत आले. दार उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. ते उतरले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, गाडीमा काय तरी जळी राह्यनं.’’ ग्लोव्ह बॉक्स काढून पाहिले, तर मोटरीच्या वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर वितळून काळा झाला होता, त्यातील दोन वायरींची आवरणे एकमेकांना चिकटली होती, आणि मी बसवलेली नवी मोटर हाताने फिरवूनही फिरत नव्हती. फ्यूज मात्र जसाच्या तसा शाबूत होता. मी पुन्हा मोटर बदलण्याचे बोलू लागलो, तेव्हा आबा म्हणाले, ‘‘पैसा दोनदा दिधात, आते कारन सांग.’’

मला कारण सांगता आले नाही, आणि ते अण्णांच्या देखत सांगता आले नाही, हे अधिक लागले. गाडी मी दोन दिवस ठेवून घेतली व त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

वायपरखालची जाळी उघडली, तेव्हा निम्मे कारण हातात आले. आबांची गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहत असे. तिथला उडता कापूस, कडुनिंबाची पाने आणि उंदरांनी साठवलेली सरकी यांचा एक ओला बोळा पाणी निघून जाण्याच्या छिद्रात बसला होता. पावसाचे पाणी तिथे तुंबून थेट ब्लोअरच्या तोंडातून मोटरीवर गळत होते. त्याने बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) गंजला, शाफ्ट आवळला आणि मोटर जड झाली. डीसी मोटर फिरत असताना स्वतःच एक उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण करते व त्यामुळे तिचा प्रवाह आवाक्यात राहतो. गती मंदावली की हा उलटा दाब घटतो आणि प्रवाह वाढतो. मोटर पूर्ण अडकली तर तो कमाल होतो. वीसचा फ्यूज जात होता तो हेच सांगण्यासाठी, आणि मी त्याचे तोंड बंद केले होते.

उरलेले निम्मे कारण अर्थच्या थिंबलखाली, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या कडीखाली, होते. कोणीतरी पूर्वी डेंटिंग-पेंटिंग करताना बॉडीवरचा रंग न खरवडता थिंबल त्यावरच आवळले होते. नुसत्या टेस्ट लॅम्पने पाहिले असता दिवा छान लागत होता, कारण त्या बल्बला प्रवाह अर्ध्या अँपिअरचाही लागत नाही. ब्लोअर शेवटच्या स्पीडवर चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, आणि तिथे खरी परीक्षा होते. एखाद्या सांध्यात ०.१ ओहम एवढाच अडथळा असला आणि त्यातून १४ अँपिअर गेले, तर त्या सांध्यावर १.४ व्होल्ट खर्च होतात आणि जवळपास २० वॅट उष्णता तयार होते. आमच्या टेबलावरचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे आहे. तेवढी उष्णता नखाएवढ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये अर्धा तास कोंडली, तर तो वितळणारच, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. सांध्यातील अडथळ्याने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो.

फ्यूज हा मुख्यतः वायरीसाठी असतो. वायर जेवढा प्रवाह सोसू शकते, त्याच्या आत फ्यूज गेला पाहिजे, म्हणून कंपनीने दिलेला आकडा वाढवायचा नाही. मोटर आणि कपलर यांचा बचाव वेगळा करावा लागतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत मावते. मला ती समजायला आबांच्या दोन मोटरी लागल्या.

त्यानंतर आम्ही चांगला मल्टिमीटर आणि डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. अण्णांना हा खर्च पटला नव्हता. ‘‘बोटाला चटका बसला की कळतं कुठे गरम आहे,’’ असे त्यांचे म्हणणे असे, आणि खरे सांगायचे तर कपलर शोधण्याची ती रीत आजही वाईट नाही. पण आमच्याकडे आता मोजल्याशिवाय मोटर बदलली जात नाही. इंजिन चालू ठेवून ब्लोअर शेवटच्या स्पीडवर लावायचा, मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी मोटरीच्या पॉझिटिव्हवर धरायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर इग्निशन स्विच, फ्यूजच्या पट्ट्या, कपलर असे एकेक टप्पे मोजत जायचे. मग तसेच मोटरीच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेले की थिंबल काढून पत्रा चमकेपर्यंत खरवडायचा, दातेरी वायसर टाकून आवळायचा आणि वरून व्हॅसलीन लावायचे. अल्टरनेटरही याच वेळी पाहतो. चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावे. रेग्युलेटर बिघडून ते पंधराच्या वर गेले असेल, तर नवी मोटर बसवणे म्हणजे आणखी एक मोटर घालवणे.

‘ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना पूर्वी आम्ही सरळ नवा रेझिस्टन्स विकत असू. कमी स्पीडला प्रवाह या रेझिस्टन्समधून जातो, शेवटच्या स्पीडला तो वगळला जातो, म्हणून तक्रारीचे निदान बरोबरच असते. मात्र रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो आणि त्यावर जास्त तापला की सुटणारा एक थर्मल फ्यूज असतो. मोटर जड झाली किंवा कापसाने हवा अडवली की तो गार होत नाही आणि फ्यूज सुटतो. काही दुकानांत तेथे वायरीचा तुकडा टाकून काम भागवतात. तसे करू नये. तो फ्यूज गेला नसता तर आग लागली असती.

येथे एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. हवेचा मार्ग बंद झाला की मोटरीवर ताण येऊन प्रवाह वाढतो, असे मी अनेक वर्षे गिऱ्हाइकांना सांगत होतो. क्लॅम्प मीटर लावून हवेचे तोंड पुठ्ठ्याने झाकले, तर प्रवाह चक्क कमी झाला, कारण ढकलायला हवाच उरली नाही. नुकसान होते ते मोटरीला गार ठेवणारी हवा बंद झाल्याने आणि शाफ्टला गुंडाळलेल्या कापसाने.

रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवण्याचे काम आम्ही त्यानंतर सुरू केले. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्लोअरचा सगळा प्रवाह इग्निशन स्विचमधून जातो आणि वीस-तीस वर्षांनी त्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात. रिले टाकला की स्विचला कॉइलपुरता, म्हणजे ०.१५ ते ०.२ अँपिअर एवढाच भार उरतो. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ तिचा फ्यूज, रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर ती वायर, ८७ वरून ब्लोअरकडे, आणि ८५-८६ वर स्विच व अर्थ. कॉइलवर एक साधा डायोड लावतो, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. रिले सुटताना कॉइलमधून उसळणारा दाब तो जिरवतो. डायोड उलटा लागला तर स्विच देताच शॉर्ट होतो, म्हणून हे काम शिकाऊ पोराकडे देत नाही. काही गाड्यांत स्पीडचा स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला असतो, काहींत अर्थच्या बाजूला. हे आधी पाहिल्याशिवाय एकही वायर कापायची नाही, असा दुकानाचा दंडक आहे.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले; अँबॅसॅडरही त्याच वर्षी बंद झाली. आमच्या भागातील शेतकऱ्यांनी या गाड्या अजून सोडलेल्या नाहीत. पण सुटे भाग आता मिळतील तेव्हा मिळतात, त्यामुळे मोटर वाचवण्याला किंमत आली. आम्ही बुश बदलतो, आर्मेचरचा कॉम्युटेटर लेथवर साफ करतो आणि कार्बन, म्हणजे आर्मेचरला प्रवाह पोहोचवणारे ब्रश, त्याच जातीचे शोधतो. सेल्फचा कार्बन घासून ब्लोअरला बसवला तर बसतो, पण सेल्फच्या कार्बनमध्ये तांबे पुष्कळ असते आणि तो सतत फिरणाऱ्या मोटरीसाठी नसतो.

शिरपूर, साक्री, अमळनेर, नंदुरबार येथून गाड्या येतात. प्रत्येक गाडीसाठी आम्ही पुठ्ठ्याचे एक कार्ड ठेवतो. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी जाळीखालचा कचरा काढून तिथे पिठाच्या चाळणीची स्टीलची जाळी बसवून देतो. भांड्यांच्या दुकानदाराला दर दिवाळीच्या आधी इतक्या चाळण्या कशाला लागतात, हे सांगूनही पटलेले नाही.

आबांचे कार्ड पहिले आहे. त्यावर अजून पिवळा वीसचा फ्यूज लिहिलेला आहे. मागच्या वेळी त्यांचा नातू गाडी घेऊन आला, तेव्हाची नोंद अशी आहे : बॅटरी १३.९, मोटर १३.५, प्रवाह १३ अँपिअर, सरकी एक मूठ काढली.