चिकन म्हणजे पिल्लू

परवा दुपारी पुतणीने विचारलं, "काका, चिकनचं पिल्लू चिक. मग किटनचं पिल्लू किट का?"

मी पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणालो. तिचं तेवढ्याने भागलं, माझी झोप मात्र उडाली. उठून शब्दकोश काढला. मला जुनी खोड आहे. एक शब्द बघायला जातो आणि तासाभराने भलत्याच पानावर सापडतो. ज्याच्यासाठी गेलो तो शब्द बिचारा वाट बघत राहतो.

तर जुन्या इंग्रजीत चिकन हा शब्द फक्त पिल्लाचा होता. मोठ्या कोंबडीला हेन. आणि हेनच्या मुळाशी आहे गाणं; लॅटिनमधलं गाण्याचं क्रियापदही त्याच कुळातलं. म्हणजे आधी पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याचं नाव 'गाणारा' पडलं आणि त्यावरून बायकोचं. अंडी हिने घालायची, खुडूक होऊन तीन आठवडे हिने बसायचं, आणि नाव मात्र नवऱ्याच्या गळ्यावरून! असो.

पुढे चिकन हा शब्द वाढत वाढत अख्ख्या कोंबडीएवढा झाला. पिल्लाला नाव कमी पडू लागलं, म्हणून त्याच शब्दाची शेपटी छाटून चिक केला. किटनची शेपटी छाटून किटही खरंच झालाय. पोरगी बरोबर होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मग मी भरकटलोच. बर्ड हा शब्दसुद्धा मुळात पिल्लाचाच. सगळ्या पक्ष्यांना मिळून फाउल म्हणत. जर्मनमधला त्याचा भाऊ फोगेल अजूनही कुठल्याही पक्ष्याला चालतो. इंग्रजीत मात्र पिल्लाने आभाळ घेतलं आणि फाउल खुराड्यात जाऊन बसला. पोल्ट्री घ्या, तिच्या मुळाशी लॅटिन 'पुल्लुस', म्हणजे पुन्हा लहान पिल्लू. त्याच 'पुल्लुस'पासून घोड्यांकडे गेलेली एक वाट पोनीपर्यंत पोचते. पोल्ट्री आणि पोनी चुलत बहिणी आहेत, हे वाचून मी उगाचच खूश झालो.

चिकनगुनियात मात्र चिकन नाही. तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतला, 1952 साली टांगानिकात आलेल्या साथीतून जगभर गेलेला. अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. ज्याचे सांधे त्यात धरले असतील त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या तापाचा सगळा आळ कोंबडीवर आला तो केवळ उच्चारामुळे.

आळ घ्यायची तिला सवयच आहे म्हणा. भित्र्या माणसाला चिकन म्हणतात, हे मला लहानपणी एका मावसभावाकडून कळलं. भिंतीवरून उडी मारायची होती आणि मी मारत नव्हतो. "चिकन!" तो ओरडला. मला अर्थ कळला, पण पटला नाही, कारण त्याच सुट्टीत मी आजीच्या खुराड्यातलं एक पिल्लू उचललं होतं. एरवी पायात घुटमळणारी ती कोंबडी मान ताणून, पंख फुलवून अशी काही अंगावर आली की मी धूम ठोकली ती थेट माळ्यावर. खाली ती फेऱ्या मारत होती. आजी म्हणाली, "तिचं तिला देऊन टाक रे बाबा." पिल्लू माझ्या मुठीतच होतं, चिवचिवत. तळव्यात काहीतरी धडधडत होतं. त्याचं काळीज की माझी नाडी, समजत नव्हतं. ज्याने कोणी भित्र्याला चिकन म्हटलं, त्याने पिल्लंवाली कोंबडी जवळून पाहिली नसावी. की तोही शब्दाच्या जुन्याच अर्थाने बोलत होता, पिल्लाच्या?

आणि तो जुना अर्थ काही फार लांब गेलेला नाही. ब्रॉयलर कोंबडी ताटात येते तेव्हा साधारण सहा आठवड्यांची असते. कोंबडी पाच-सात वर्षं जगू शकते. सहा आठवड्यांचं ते अंगाने भरलेलं असतं, आवाज मात्र अजून पिल्लाचाच. हजारभर वर्षं फिरून शब्द होता तिथे परत आला.

शब्दकोशातला दाखला शोधत मी शेवटी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'पाशी पोचलो, 1623 साली छापलेल्या. मॅकडफला निरोप येतो की बायको आणि मुलं, सगळी मारली गेली. त्याला ते खरं वाटत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो, सगळी? सगळी म्हणालास? आणि त्या मुलांना तो चिकन्स म्हणतो. घारीने एका झडपेत नेली म्हणतो, पिल्लं आणि त्यांची आईही. आपल्या भाषेत आभाळात हिंडणाऱ्या घारीचं चित्त पिल्लांपाशी असतं. तिथे घारच काळ होऊन आलेली.

पुतणी परत आली. "काका, किटचं काय झालं?"

मी शब्दकोश मिटला. "बरोबर आहे तुझं," म्हणालो.


तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती केव्हाच पळाली होती.